ग्रॅसिलेरियापासून अगर काढताना आधी पाण्याचा हिशेब

आपल्या प्रश्नाचा सारांश असा. सिंधुदुर्गात किनाऱ्यालगत राहणाऱ्या दहा-बारा महिलांच्या बचत गटाला खडकांवरचे लाल शेवाळ, म्हणजे बहुधा ग्रॅसिलेरिया, वाळवून त्यापासून अगर, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातला चायना ग्रास, तयार करायचा आहे. कॉस्टिक सोडा आणि ब्लीच वापरायचे नाही, अशी गटाची अट आहे. मायक्रोवेव्ह, अल्ट्रासाउंड किंवा एन्झाइम यांपैकी कोणती पद्धत पूर्णपणे पर्यावरणपूरक ठरेल, असे आपण विचारले आहे. मी रसायन अभियंता असून गेली बावीस वर्षे तमिळनाडू आणि गुजरातच्या किनाऱ्यावर अगर व कॅरागिनन (लाल शेवाळातूनच मिळणारा, दाटपणा देणारा दुसरा पदार्थ) काढण्याच्या कामात आहे. माझे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात असल्यामुळे कोकणातून आलेला हा प्रश्न वाचून मला मनापासून आनंद झाला. उत्तर लांबणार आहे, कारण प्रश्नातली निवडच थोडी बदलावी लागेल असे मला वाटते.

आपण तीन आधुनिक पद्धतींपैकी एक निवडू पाहत आहात. प्रत्यक्षात अगर काढण्यासाठी पर्यावरणाला जी किंमत मोजावी लागते, तिचा मोठा भाग या तिन्ही पद्धतींच्या बाहेर आहे. अगर उकळत्या पाण्यात आपोआप उतरतो; त्याला शेवाळातून बाहेर काढणे हे या कामातले सर्वांत सोपे पाऊल आहे. अवघड असते ते त्याच्या आधीचे धुणे आणि नंतरचे पाणी घालवणे. म्हणून कोणतीही पद्धत तपासताना मी पहिल्यांदा विचारतो ते हे, की एक किलो सुका अगर हातात येईपर्यंत किती लिटर पाणी लागले, त्यातले किती पाणी उष्णतेने उडवले आणि उरलेले कोणत्या अवस्थेत जमिनीत किंवा नाल्यात गेले.

हिशेब करून पाहू. शेवाळ उकळून गाळल्यावर जो द्राव मिळतो, त्यात अगरचे प्रमाण जेमतेम एक ते दीड टक्का असते, कारण त्याहून दाट द्राव इतका चिकट होतो की तो कापडातून गळत नाही. म्हणजे एक किलो अगरामागे सुमारे सत्तर लिटर पाणी. हे पाणी २८ अंशांवरून ९५ अंशांवर नेण्यासाठी सुमारे २० मेगाजूल उष्णता लागते. निम्म्याहून अधिक उष्णता कामी आणणाऱ्या चांगल्या भट्टीत ती दोन किलोच्या आसपास वाळक्या लाकडातून मिळते; साध्या चुलीवर लाकूड कित्येक पट लागते. तेच सत्तर लिटर पाणी उकळून उडवायचे म्हटले तर जवळजवळ १६० मेगाजूल, म्हणजे त्याच भट्टीत सोळा-सतरा किलो लाकूड जाळावे लागेल. मायक्रोवेव्ह यातल्या फक्त पहिल्या, लहान आकड्याला हात लावते, आणि तेही विजेवर. सत्तर लिटर पाणी तापवायला किमान साडेपाच युनिट ऊर्जा पाण्यात जावी लागते, आणि उपकरणातली हानी धरली तर मीटरवर त्याच्या दीडपट ते दुप्पट आकडा दिसतो. प्रयोगशाळेत पन्नास मिलिलिटरच्या चंबूत वेळ वाचतो हे खरे आहे, परंतु तुमच्या गटाला वेळेपेक्षा सरपण आणि पाणी वाचवायचे आहे.

अल्ट्रासाउंडबद्दल माझे मत अधिक स्पष्ट आहे. त्याने पेशींच्या भिंती फुटतात, त्याचबरोबर अगरच्या रेणूंच्या लांब साखळ्याही तुटू शकतात, आणि जेलीचा घट्टपणा त्या साखळ्यांच्या लांबीवरच उभा असतो. उतारा वाढला आणि जेली मऊ पडली, असा अनुभव मी स्वतः घेतला आहे. एन्झाइमचा उपयोग नाकारता येत नाही. सेल्युलेज या पेशींच्या भिंती सैल करणाऱ्या एन्झाइमने उतारा थोडा वाढतो आणि गाळणे सोपे होते. मात्र ते विकत आणणे, थंड जागी साठवणे आणि ठरावीक तापमानावर तासन्तास सांभाळणे हे सर्व दहा-बारा जणींच्या पहिल्या वर्षाच्या उद्योगाला परवडेल असे मला वाटत नाही.

आता कॉस्टिककडे वळू, कारण तुमची अट तिथेच आहे आणि तिच्यामागची भावना मला पूर्ण पटते. एका लहान कारखान्यात मी सल्लागार म्हणून गेलो होतो. तिथे वापरलेले कॉस्टिकचे पाणी आवारातल्या कच्च्या खड्ड्यात सोडत असत. दुसऱ्या उन्हाळ्यात शेजारच्या विहिरीचे पाणी बुळबुळीत लागू लागले आणि खड्ड्याच्या उताराकडची जमीन वरून घट्ट पापुद्र्यासारखी झाली; त्यात पेरलेले उगवेना. सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसते आणि पाणी मुरणे बंद होते, हे मी पुस्तकात वाचले होते, तिथे मी ते पायाखाली पाहिले. त्यामुळे कॉस्टिक सोडा नको म्हणणाऱ्या माणसाला मी कधीच हट्टी म्हणत नाही.

तरीही अल्क, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारखा आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, कशासाठी वापरतात हे समजून घ्यावे लागेल. तमिळनाडूतल्या रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या जेलिडिएला या शेवाळाला अल्काची गरज पडत नाही. त्याचा अगर मुळात बऱ्यापैकी घट्ट असतो. ग्रॅसिलेरियाचे तसे नाही. तिच्या अगराच्या साखळीत ठिकठिकाणी सल्फेटचे गट असलेल्या शर्करा असतात आणि त्या जागी साखळीला बाक येतो. बाक असलेल्या साखळ्या एकमेकींना नीट बिलगत नाहीत, म्हणून जेली ढिली होते. गरम अल्कामध्ये हा सल्फेट गट सुटतो, तिथे शर्करेचे एक आतले कडे तयार होते, बाक निघतो आणि जेली कित्येक पटींनी घट्ट होते. कोकणच्या खडकांवर मोठ्या प्रमाणात दिसणारी चपट्या, दुभागत जाणाऱ्या फांद्यांची ग्रॅसिलेरिया कॉर्टिकाटा तर या बाबतीत आणखी कमजोर आहे. तिचा अल्काशिवाय काढलेला अगर वाटीत लागतो, पण वाटी उपडी केली की आकार धरत नाही.

इथे पहिली परिस्थितीवर अवलंबून असलेली गोष्ट येते. तुम्ही अगर कोणाला विकणार आहात? जाम, फळांचा गर, आइस्क्रीम किंवा सरबते यांना नुसता दाटपणा देण्यासाठी तो जाणार असेल, तर मऊ अगर चालतो आणि तुमची अट जशीच्या तशी पाळता येते: फक्त पाणी, उष्णता, कापड, गोठवण आणि ऊन. मिठाईवाल्यांना सुरीने कापता येणारी वडी हवी असेल किंवा प्रयोगशाळांना माल द्यायचा असेल, तर अल्काशिवाय जमणार नाही. अशा वेळी मी दुसऱ्या अल्काचा विचार करायला सांगतो.

तो अल्क म्हणजे कॉस्टिक पोटॅश, अर्थात पोटॅशियम हायड्रॉक्साइड; खताचा पोटॅश नव्हे. पुढे मी त्याला नुसते पोटॅश म्हणतो. तो सोड्यापेक्षा बराच महाग आहे आणि म्हणूनच अगरच्या कारखान्यांत सहसा दिसत नाही. कॅरागिननच्या कारखान्यात मात्र तो रोजचा आहे. कप्पाफायकस शेवाळ पोटॅशच्या गरम द्रावात शिजवतात, कारण पोटॅशियममुळे कॅरागिनन शेवाळाच्या आतच धरून राहते, पाण्यात विरघळून जात नाही. मी दोन्हीकडे काम केले असल्यामुळे पोटॅश ग्रॅसिलेरियालाही चालतो हे करून पाहिले आहे. घट्टपणात मला सांगण्यासारखा फरक आढळला नाही. फायदा नंतर दिसतो. वापरून झालेले सोड्याचे पाणी कुठेही टाकले तरी उपद्रव करते, तर पोटॅशचे पाणी फॉस्फोरिक आम्लाने उदासीन केले की त्यात पिकांना हवे असलेले पोटॅशियम आणि फॉस्फरस उरते. कोकणातली जांभी जमीन आम्लधर्मी असते आणि नारळ हे पोटॅश मागणारे झाड आहे, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. पुरेसे पातळ करून, आणि शेवाळाबरोबर आलेल्या समुद्री मिठाचे प्रमाण आधी प्रयोगशाळेत तपासून घेऊनच, ते माडांना द्यावे. मिठाच्या तपासणीचा मुद्दा मी आग्रहाने मांडतो, कारण शेवाळ नीट न धुता अल्कात टाकले तर पोटॅश वापरूनही सोडियम आणि क्लोराइड त्याच पाण्यात येऊन बसतात.

अल्काबद्दल आणखी एक बाब लहान कारखानदारांच्या लक्षात येत नाही. अभिक्रियेत अल्क फार थोडा खर्च होतो. बहुतेक सगळा धुण्याच्या पाण्यातून वाहून जातो. म्हणून शिजवणीचा द्राव प्रत्येक घाण्यानंतर फेकू नये. माझी रीत अशी आहे: घाणा निघाला की द्राव थंड होऊ द्यायचा, त्यातले दहा मिलिलिटर काढायचे, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकले की तो गडद गुलाबी होतो, मग मोजलेले आम्ल थेंबाथेंबाने सोडत रंग जाईपर्यंत थांबायचे. किती आम्ल लागले त्यावरून द्राव किती पातळ झाला ते कळते आणि तेवढाच नवा पोटॅश वरून घालायचा. एक द्राव पाच-सहा घाण्यांना सहज पुरतो. पुढे तो चहाच्या अर्कासारखा काळसर होतो आणि तो रंग अगरात उतरू लागतो, तेव्हा तो बदलायचा. शाळेत विज्ञान शिकलेली कोणतीही मुलगी हे मापन आठवड्याभरात आत्मसात करते. मात्र हातमोजे, चष्मा आणि जवळ स्वच्छ पाण्याची बादली यांबाबत एक दिवसही सूट देऊ नये. गरम अल्काचा शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

धुण्यात सर्वांत जास्त पाणी वाचते, म्हणून इथे आकडे देतो. निथळलेल्या शेवाळाने तीन लिटर अल्क धरून ठेवला आहे असे समजा. त्यावर एकदम तीस लिटर पाणी ओतले, ढवळले आणि काढून टाकले, तर अल्क सुमारे अकरा पटींनी कमी होतो. आता तीन टाक्या ओळीत ठेवा. शेवाळ पहिलीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत जाईल. पाणी उलट्या दिशेने, म्हणजे तिसरीतून दुसरीत आणि दुसरीतून पहिलीत येईल. नवे पाणी फक्त तिसऱ्या टाकीत, तेही दहा लिटरच. शेवाळ आणि पाणी प्रत्येक टाकीत नीट मिसळले, तर शेवटी अल्क पन्नास पटींहून अधिक कमी झालेला असतो. पाणी एक तृतीयांश आणि धुणे साडेचार पट चांगले. शिवाय पहिल्या टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात अल्क इतका असतो की पुढच्या घाण्याचा द्राव त्यातच कालवता येतो. या तीन टाक्यांसाठी प्लास्टिकची तीन पिंपे आणि एक बादली पुरते. मार्च-एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हा फरक किती मोठा आहे, हे आपण जाणताच.

ब्लीचबद्दल थोडक्यात सांगतो. हायपोक्लोराइट आणि सेंद्रिय पदार्थ एकत्र आले की क्लोरीनयुक्त संयुगे तयार होतात आणि ती पाण्यातून काढणे लहान उद्योगाच्या हातात नसते. त्याऐवजी शेवाळ गोड्या पाण्यात भिजवून जाळीवर पसरावे, ऊन दाखवावे, पुन्हा ओले करावे. तीन-चार दिवसांत जांभळट लाल रंग आधी हिरवट, मग पेंढ्यासारखा फिका होतो. उरलेली पिवळसर छटा स्वयंपाकाच्या अगरात दोष मानू नये. ती घालवण्यासाठी रसायन वापरण्याऐवजी गिऱ्हाइकाला कारण समजावून सांगावे, असे माझे ठाम मत आहे.

आता पाणी घालवणे. जपानमध्ये नागानो प्रांताच्या डोंगराळ भागात हिवाळ्यात अगरच्या वड्या उघड्यावर ठेवतात. रात्री त्या गोठतात, दिवसा उन्हात बर्फ वितळून पाणी गळून जाते आणि काही दिवसांत हलकी, सच्छिद्र कांडी उरते. तिथल्या थंडीने हे फुकट होते. पाणी गोठवायला ते उडवण्याच्या एक सप्तमांश उष्णता हलवावी लागते, म्हणून यंत्राने गोठवणेही उकळण्यापेक्षा स्वस्तच पडते. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत तुमच्या भागातल्या बर्फ कारखान्यांना काम कमी असते, तेव्हा त्यांच्याशी बोलून पाहायला हरकत नाही. मात्र नंतर पावसाळी हवेत माल वाळवायचा कसा, हा प्रश्न उरतो आणि वाळवण अर्धवट राहिले की अगरला बुरशी धरते. म्हणून तुमच्यासाठी मी दाबाची पद्धत सुचवतो.

श्रीखंडासाठी चक्का बांधणाऱ्या कोणालाही ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही. घट्ट झालेल्या अगर जेलीचे शेवेसारखे लांब तुकडे करायचे, मांजरपाटाच्या दुहेरी कापडात गुंडाळायचे आणि छिद्रे असलेल्या पेटीत थरावर थर रचायचे. पहिले दोन तास वर काहीच ठेवायचे नाही. जेली स्वतःच्या वजनाने पाणी सोडू लागते. मग एक दगड, तासाभराने दुसरा, असे वजन वाढवत न्यायचे. घाई केली की जेली फुटून कापडाच्या विणीतून किड्यांसारखी बाहेर येते आणि तो घाणा वाया जातो. माझे सुरुवातीचे कितीतरी घाणे असेच गेले. संध्याकाळी रचलेली पेटी सकाळी उघडली की आत बोटभर जाडीची जेली कागदाच्या पुठ्ठ्याएवढी पातळ झालेली दिसते, आणि कापडावरून ती सोलताना चर्र आवाज येतो. त्या अवस्थेत एक किलो अगरामागे चार-पाच लिटर पाणी उरलेले असते, आणि तेवढे पाणी कोकणातले मार्च-एप्रिलचे ऊन एका दिवसात नेते. सोळा किलो लाकडाचे काम दगडांनी आणि रात्रीने केले. या पद्धतीला एक मर्यादा आहे: अल्क न दिलेला मऊ अगर दाबाखाली टिकत नाही, तो गोठवावाच लागतो. म्हणजे अल्क टाळला तर वीज वाढते आणि अल्क वापरला तर त्याचे पाणी सांभाळावे लागते. यातले काय निवडायचे हे तुमच्या गावात वीज, पाणी आणि माडाच्या बागा किती जवळ आहेत यावर ठरेल. मी दूर बसून ते ठरवू शकत नाही.

आतापर्यंत कारखान्याबद्दल बोललो. पण शेवाळच संपले तर या सर्व काटकसरीला अर्थ राहत नाही. मोरोक्कोने जेलिडियम या अगर देणाऱ्या शेवाळाच्या तोडणीवर मर्यादा घातली आणि २०१५ च्या अखेरीस जगभरच्या प्रयोगशाळांना अगरचा तुटवडा जाणवला, इतका हा कच्चा माल नाजूक आहे. शंभर किलो ओले ग्रॅसिलेरिया वाळून दहा-बारा किलो होते आणि त्यातून बहुधा दीड-दोन किलो अगर मिळतो. महिन्याला पन्नास किलो अगर असे उद्दिष्ट ठेवलेत, तर दरमहा अडीच-तीन टन ओले शेवाळ खडकांवरून काढावे लागेल, आणि ते आपल्याकडे साधारण पावसाळा ओसरल्यापासून उन्हाळा सुरू होईपर्यंतच भरपूर असते. जंगली शेवाळावर एवढा भार टाकू नये, असे मी स्पष्ट सांगतो. तमिळनाडूजवळच्या मन्नारच्या आखातात बोटांना कापडाच्या पट्ट्या गुंडाळून बुड्या मारणाऱ्या बायकांनी स्वतःच्या गावांत ठरवून शेवाळ काढण्याचे दिवस महिन्याला बारावर आणले. तुमच्या गटानेही पहिल्या दिवशीच असा नियम करावा: विळ्याने वरचा भाग कापायचा, खडकाला धरलेले बूड उपटायचे नाही, आणि एका खडकाला हात लावल्यावर तो पुन्हा भरेपर्यंत थांबायचे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून घोषित आहे. तुमचे खडक त्याच्या हद्दीत येतात का, हे वन विभागाकडून लेखी विचारून घ्या. पुढे दोरीवर लागवड करावीशी वाटली, तर स्थानिक ग्रॅसिलेरियाच घ्या. कप्पाफायकस लवकर वाढते म्हणून ते आणायला कोणी सुचवेल. ते आपल्या समुद्रातले नाही, आणि मन्नारच्या आखातात कुरुसडई बेटाजवळ ते लागवडीतून सुटून प्रवाळांवर पसरल्याची नोंद झालेली आहे.

कप्पाफायकसकडून घेण्यासारखी गोष्ट मात्र एक आहे. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने ताजे शेवाळ आधी चिरडून त्याचा रस पिकांसाठी वेगळा काढण्याची आणि उरलेल्या चोथ्यापासून कॅरागिनन काढण्याची पद्धत विकसित केली. वाळवण्याचे आणि वाहून नेण्याचे ओझे त्याने कमी झाले, आणि एका शेवाळातून दोन उत्पन्ने मिळाली. ग्रॅसिलेरियाचा रस तसा सुटत नाही, परंतु उकळून उरलेला चोथा तुमच्याकडेही राहीलच. तो सेल्युलोजने भरलेला असतो. शेण आणि माडाच्या सोडणातला भुसा यांत मिसळून त्याचे उत्तम खत होते. आमच्याकडे ते तीन महिन्यांत तयार होत असे.

थोडक्यात माझा क्रम असा राहील: आधी गिऱ्हाईक ठरवा, त्यावरून अल्क हवा की नको ते ठरेल, हवा असेल तर पोटॅश, तोही मापून पुन्हा पुन्हा वापरायचा, धुणे तीन टाक्यांत उलट्या प्रवाहाने, रंगासाठी ऊन, पाण्यासाठी दाब (अल्क नसेल तर गोठवणे). प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि अन्न परवाना यांची चौकशी टाक्या विकत घेण्याआधी करावी.

यंत्रसामग्रीवर एक रुपयाही घालण्यापूर्वी घरच्या पातेल्यात एक चाचणी करावी. एक किलो स्वच्छ, कडक वाळलेले शेवाळ घ्या. अर्धे नुसत्या पाण्यात दोन तास उकळा. उरलेले अर्धे सहा टक्के पोटॅशच्या ८५ ते ९० अंशांच्या द्रावात, स्टीलच्या भांड्यात, दीड तास ठेवा. ॲल्युमिनियमचे पातेले अल्क खाऊन टाकतो, ते वापरू नका. मग पोटॅशचा अंश जाईपर्यंत ते धुऊन तसेच उकळा. दोन्ही द्राव गरम असतानाच गाळा, ताटात ओतून रात्रभर ठेवा आणि सकाळी दोन्ही जेल्यांवर शंभर ग्रॅमचे वजन ठेवून कोणती किती दबते ते पाहा. मग दोन्ही वाळवून वजन करा. किती पाणी लागले, किती सरपण जळले आणि किती अगर हाती आला, हे तीन आकडे आणि शेवाळाचे एक जवळून काढलेले छायाचित्र मला पाठवा. टाक्यांची मापे आणि पेटीची लांबी-रुंदी मी त्यावरून काढून देईन.